उजवीकडची रिकामी जागा

संग्रहालयात मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारी बाई स्वभावाने मुळीच गरीब नव्हती, आणि त्या सकाळी तर तिचं टाळकंच सटकलं. साहेबांनी हॉलमध्ये नवं काचेचं कपाट आणवलं होतं. डावीकडे पोटाला पिशवी असलेला एक पट्टेरी प्राणी उभा होता. त्याच्या जातीचा जगात एकही उरलेला नाही. उजवीकडची जागा रिकामी होती, पण वरची पाटी रंगवून तयार होती: 'नामशेष झालेले दोघे'.

"दुसरं कोण?" बाईने विचारलं.

"मागच्या प्राणिघरातली माकडीण," साहेब म्हणाले. "हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात त्या. त्यात ही म्हातारी, हिवाळा काही काढत नाही. तुम्ही आत्ताच माप घेऊन ठेवा, ऐन वेळी धावपळ नको."

जणू शिवायला टाकलेल्या कोटाचं माप! बाई टेप घेऊन तणतणत निघाली.

प्राणिघरात तिचा धाकटा भाऊ राखणदार होता. आत इतका गारठा, की बाईच्या अंगावर काटा आला. माकडीण गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होती. भावाने स्वतःचा कोट गजांतून आत सारला होता.

"हीटर कुठाय रे?"

"साहेबांनी नेला, ताई. त्या पिशवीवाल्याच्या कातडीला दमट हवा सोसत नाही म्हणे. मी हातापाया पडलो. तर म्हणाले, तसला दुसरा मिळायचा नाही."

"आणि ही मिळणारे?"

माकडिणीने हात बाहेर काढून टेपचं टोक धरलं, आणि बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्याला शेक आणि जितीला माप! पिशवीवाल्यांतला शेवटचाही असाच पिंजऱ्यात गारठून गेला होता. पाटीखाली ते बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं साहेबांनीच.

ती तशीच हॉलमध्ये गेली, हीटर उपसून काखोटीला मारला आणि चालू लागली. साहेब मागे धावले.

"बाई, कातडीला बुरशी लागेल!"

"लागू दे. मी साफ करीन. तो एकदा मेलाय, पुन्हा मरायचा नाही."

तिने पिंजऱ्यासमोर हीटर लावला. माकडिणीने दोन्ही तळहात पुढे केले.

"अहो, पण त्या रिकाम्या जागेचं काय? माप तरी घेतलंत का?"

बाई वळली. तिने साहेबांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत टेप सोडली आणि आकडा नीट वाचला.

"घेतलं," ती म्हणाली. "गुडघे पोटाशी घेतलेत तर मावाल."