मास्तरांच्या मोबाइलनं वाचलेला ब्लॉग

मास्तरांचं पत्र टेबलावर उघडंच पडून होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. मी ज्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचो तिथे ते संध्याकाळी यायचे, पुस्तक न्यायचे आणि परत करताना त्या पुस्तकावरून माझ्याशी भांडायचे. निवृत्तीनंतर ते मुलाकडे दुसऱ्या गावी गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. ओळी एकमेकींवर चढलेलं ते पत्र त्यांनी कसंबसं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ‘इतकं वाचलंस, त्यातलं पुन्हा वाचावंसं काय वाटतं आणि का, ते लिही. कागदावर नको. तुझी कुजकट वाक्यं सुनेकडून वाचून घ्यायची मला लाज वाटते. ब्लॉग काढ. माझा मोबाइल पान मोठ्यानं वाचतो. माझ्यासारखेच आणखी चौघे इथे बागेत जमतात, तेही ऐकतील.’

पाच माणसांनी कान देऊन ऐकावं असं माझ्याकडे काय आहे, या विचारात दिवस गेले. शेवटी मास्तरांनी माझ्या मुलीला फोन केला. “तुझ्या बापाला सांग, डोळे गेलेच आहेत, आता कानही राजीनाम्याची भाषा बोलायला लागलेत. डॉक्टर म्हणतो, ते फार काळ टिकायचे नाहीत. लिहायचं असेल तर कान कामावर आहेत तोवर लिही म्हणावं.”

मुलगी म्हणाली, “बाबा, ब्लॉग हे करून देतील.”

हे म्हणजे आमचे जावई. ते दुकानांना आणि दवाखान्यांना वेबसाइट करून देतात. त्यांच्या कार्डावर ‘वाढ सल्लागार’ असं छापलंय. कसली वाढ ते मला अजून कळलेलं नाही, केसांची नसावी.

रविवारी सकाळी ते आले आणि माझ्या खुर्चीत बसले. माझ्यासाठी स्टूल उरलं.

“बाबा, लिहिणं नंतर. आधी प्लगइन.”

“म्हणजे?”

“म्हणजे ब्लॉगला जे मुळात येत नाही, ते बाहेरून आणून जोडायचं. मी फक्त अत्यावश्यक तेवढेच टाकतोय.”

अत्यावश्यक म्हणून त्यांनी जे टाकलं ते असं. पान उघडताच तोंडावर उडी मारून ई-मेल मागणारी खिडकी. शेअर करायच्या बटणांची रांग. पाहुण्यांची संमती विचारणारी पट्टी. कोपऱ्यातून ‘काही मदत हवी?’ म्हणणारी गप्पांची चौकट. इंटरनेटवरच्या शोधात ब्लॉग वर आणणारा एक, आलेले वाचक मोजणारा एक, आणि न आलेल्यांना बोलावणारा आणखी एक. शिवाय वरच्या बाजूला सरकती चित्रं.

“कसली चित्रं?” मी विचारलं.

“तुमच्याकडे काय आहे?”

“पुस्तकं.”

“समुद्र टाकू.”

जाता जाता त्यांनी आणखी दोन टाकले. एक लिखाणाची प्रत जपून ठेवणारा, दुसरा फालतू प्रतिक्रिया अडवणारा. “हे काय, लागतातच,” ते म्हणाले. समुद्राबद्दल ते बराच वेळ बोलले होते.

मी लिहायला बसलो. लहानपणी एका प्रवासवर्णनाची शेवटची पानं फाटलेली प्रत मला मिळाली होती. तो प्रवासी घरी पोचला की नाही हे मला कळलं नाही, आणि पुढे आयुष्यभर मी ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, ते का, हे मास्तरांना सांगायचं होतं. पहिलं वाक्य दहाएक ओळींचं झालं. लगेच बाजूला लाल ठिपका उगवला. शोधात वर आणणाऱ्या प्लगइनचं म्हणणं असं, की वाचनीयता कमकुवत आहे, वाक्यं लांब आहेत आणि मुख्य शब्द पुरेसा आलेला नाही. ज्यानं जन्मात एक ओळ वाचलेली नाही, त्यानं मला वाचनीयता शिकवावी! आणि मीही असा, की मला ते पटलं. मी वाक्यं तोडली. ‘उत्तम प्रवासवर्णन’ हे शब्द जागोजागी कोंबले. ठिपका हिरवा झाला तेव्हा मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. मी पान प्रसिद्ध केलं आणि मास्तरांना पत्ता कळवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ध्वनिसंदेश आला.

“अरे, काय काढलंयस हे? आम्ही पाच जण बाकावर माना खाली घालून बसलो. मोबाइल म्हणाला, समुद्र. मग म्हणाला, समुद्र दोन. मग बटण. बटण. बटण. मग म्हणाला, तुमचा ई-मेल द्या. खिडकी बंद कुठे होते ते काही सांगेना. मग कोणीतरी बाई विचारते, काही मदत हवी? आमच्यातले पोस्टातले साहेब सभ्य गृहस्थ, दर वेळी म्हणतात, नको ताई, आभारी आहोत. शेवटी सगळे उठून गेले. मी एकटा चिकाटीनं बसलो, तेव्हा मधेच तुझं चार ओळींचं काहीतरी लागलं. उत्तम प्रवासवर्णन, उत्तम प्रवासवर्णन! ते तू लिहिलेलं नाहीस. तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझा चहा निवायचा. मला ते हवंय. लवकर.”

मी जावयांना फोन केला. मला फोनवर बोलायला जमत नाही, तरी केला.

“काढून टाकू म्हणता? सगळे?” ते हसले. “बाबा, मग तुम्हाला शोधणार कोण?”

“ज्यांना शोधायचंय त्यांच्याकडे पत्ता आहे.”

“किती लोक?”

“पाच.”

पलीकडे ते मुलीला म्हणाले ते मला ऐकू आलं, “अगं, पाच म्हणतायत!” त्यांच्या आवाजात कीव होती. माझ्या मनात त्यांच्याविषयी जे होतं ते कीवेपेक्षा बरंच वाईट होतं, पण जावई आहेत, म्हणून मी “बरं” म्हणून फोन ठेवला.

आणि एकेक बंद करायला लागलो. हे प्लगइन सरळ जातील तर शपथ. उडी मारणाऱ्या खिडकीनं जाताना विचारलं, ‘तुम्ही आम्हाला का सोडताय? कृपया कारण सांगा.’ खाली लिहायला मोकळी जागा होती. मी चष्मा पुसून तिला दोन परिच्छेदांचं सविस्तर, सौजन्यपूर्ण उत्तर लिहिलं. पाठवल्यावर माझं मलाच हसू आलं, आणि मग शरम वाटली. मास्तर कान टवकारून बसलेत आणि मी खिडकीशी पत्रव्यवहार करतोय! पुढच्या कुणालाही मी कारण दिलं नाही. गप्पांची चौकट गेली, बटणं गेली, पट्टी गेली, मोजणारा आणि बोलावणारा गेले, समुद्र आटला. ठिपकेवाला काढण्याआधी त्याचा हिरवा रंग एकदा पाहून घेतला. कुणीतरी आपल्याला बरं म्हणावं याची सवय फार लवकर लागते. तोही गेला. जावयांनी जाता जाता टाकलेले दोन तेवढे ठेवले, कारण तेच काय ते पान उघडल्यावर एक अक्षर बोलत नव्हते.

मग मोबाइलवर वाचून दाखवायची सोय चालू करून माझंच पान स्वतः ऐकलं. आधी शीर्षक आलं आणि लगोलग मजकूर.

प्रसिद्ध केलेलं पान मागे घेतलं आणि तोडलेली वाक्यं पुन्हा सांधली. काही पहिल्यापेक्षाही लांब झाली. ‘उत्तम’ हा शब्द सगळीकडून खरडून काढला. फाटलेल्या पानांनंतर प्रवासी कुठे गेला असेल याच्या माझ्या कल्पना मी आजवर कुणाला सांगितल्या नव्हत्या. त्याही लिहिल्या, आणि त्यातल्या दोन मास्तरांना मूर्खपणाच्या वाटतील हे ठाऊक असून लिहिल्या.

बटण दाबलं तर पडदा म्हणाला, ‘प्रसिद्ध करण्यास तयार आहात?’

नव्हतोच. माझ्या घड्याळात मास्तरांची बागेत जायची वेळ होत आली होती. मी पुन्हा बटण दाबलं आणि मास्तरांच्या पत्राचं उत्तर गेलं.