चिंधान्या चिंध्या

अभिमन सरांना क्रिकेट कळत होतं, आणि तीच त्यांची मोठी अडचण होती. धुळ्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं खेळ शिकवलेला माणूस. तरुणपणी जिल्ह्याकडून लेदर बॉलने खेळलेला, पांढऱ्या कपड्यांतला एक फोटो अजून बैठकीत टांगलेला. स्टाफरूममध्ये कुणी दहा ओव्हरच्या लीगचं नाव काढलं, की सर चहाचा कप खाली ठेवायचे.

"त्याला क्रिकेट म्हणू नका. टेनिसचा बॉल, हाकेच्या अंतरावर बाउंड्री, चौकार गेला की डीजे. मनोरंजन म्हणा, तमाशा म्हणा. खेळ म्हणणार असाल तर मी उठतो."

आणि हेच सर गेली तीन वर्षं त्याच तमाशाचा माईक धरून बसत होते, हे स्टाफरूममध्ये त्यांच्या तोंडावर कुणी बोलत नसे.

त्याला कारण नवल. सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने 'तापीकाठ प्रीमियर लीग' सुरू केली, प्रत्येक संघाला एक मालक शोधला, खेळाडूंचा लिलाव केला, रंगीत कपडे शिवले. मग सरांकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही कॉमेंट्री करा. आपली अहिराणीमा. लोके क्रिकेट देखाले थोडीच येतस? हसाले येतस." सरांनी आढेवेढे घेतले, पण फार वेळ घेतले नाहीत. वर्गात पुस्तकी मराठी बोलणारा हा माणूस माईकवर अहिराणीत असा सुटायचा, की बाउंड्रीवरचे पोलीससुद्धा पोट धरायचे. मोबाइलवर सामने लाइव्ह दिसू लागले आणि सर तीन तालुक्यांत माहीत झाले. भाजीबाजारात बायका ओळखून कोथिंबिरीची जुडी फुकट टाकू लागल्या. सरांना ते आवडत होतं. आणि मनात हिशेब सोपा होता. हा खेळच नाही म्हटल्यावर खेळणाऱ्यांची थट्टा केली तर बिघडलं कुठे?

यंदाची उपांत्य फेरी धुळ्याला होती. साक्री टायगर्सविरुद्ध शिंदखेडा सुपरस्टार्स. साक्रीकडून एक नवा बॉलर आला. साक्रीपल्याडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, एकवीस-बावीस वर्षांचा, सडपातळ. सरांनी यादीत नाव पाहिलं. चिंधा. पहिल्याच ओव्हरमध्ये शिंदखेड्याच्या सलामीवीराने त्याला लागोपाठ तीन षटकार मारले आणि सरांच्या जिभेवर वाक्य आयतंच येऊन बसलं.

"देखा हो देखा! चिंधान्या चिंध्या व्हई ग्यात! कोनी दर्जी शे का रे मैदानमा? शिवा याले!"

मैदान हशाने फुटलं. डीजेवाल्याने लगेच गाणं लावलं. पोरं एका सुरात ओरडायला लागली, "चिंध्या! चिंध्या!" बॉलिंग मार्कवर परत जाताना चिंधाने एकदाच मान वळवून कॉमेंट्रीच्या मांडवाकडे पाहिलं. सरांनी ते पाहिलं आणि आणखी एक विनोद केला. पुढचे दोन बॉल वाइड गेले. कॅप्टनने त्याला पुन्हा बॉल दिला नाही. साक्रीवाले तरीही कसेबसे जिंकले, पण त्या दिवशी जिंकलं ते सरांचं वाक्य. रात्रीपर्यंत ते गावोगावच्या मोबाइलवर पोचलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे मंजुळाबाई, सरांची थोरली बहीण, शिंदखेड्याला दिलेली. ती उगाच फोन करणाऱ्यातली नव्हती.

"उखा," ती म्हणाली.

या नावाने हाक मारणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. सर उठून व्हरांड्यात गेले.

"नातूनी मोबाइलमा दखाडं माले. तुना आवाज वळखाले उना. उखा, चिंधा नाव कोनी हौसतीन ठेवस का रे?"

"अक्का, तो मनोरंजनना भाग ऱ्हास. लोके..."

"माले लोकेस्नं सांगू नको. तू तुनं नाव बदली लिधं, म्हनीसन दुसराना नावले हसाले मोकळा व्हयना का?"

आणि तिने फोन ठेवला. तिला रागावून बोलायची सवय नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

सरांचं जन्मनाव उखर्डू. अक्काच्या पाठची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथा जन्मला, तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून त्याला घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवली. टाकून दिलेलं पोर मरणाला नकोसं वाटावं, म्हणून ही रीत. दहा वर्षांच्या मंजुळाने जाऊन त्याला उचललं, कुणाचं तरी सापडलेलं पोर म्हणून घरात आणलं, आणि उकिरड्यावरून नाव पडलं उखर्डू. कुठे दगडावरून दगडू, कुठे कोंड्याच्या मोबदल्यात घेतला म्हणून कोंडू. चिंधी देऊन घेतला तो चिंधा. खान्देशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. नोकरी लागली तेव्हा सरांनी अर्ज केला, राजपत्रात छापून आणलं आणि अभिमन झाले. नाव भारदस्त होतं. वर्गात पोरं हसत नव्हती.

ती पूर्ण सुट्टी सर व्हरांड्यातच उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती लपवायला आपल्याजवळ एकही चांगलं कारण नाही, हे त्यांना कळत होतं.

अंतिम सामना रविवारी जळगावला होता, साक्रीविरुद्ध नशिराबाद वॉरियर्स. सर तासभर आधीच पोचले आणि चिंधाला शोधत मैदानाच्या कडेला गेले. तो एकटाच एका स्टंपवर बॉल टाकत होता. जर्सीच्या पाठीवर, जिथे प्रत्येकाचं नाव छापलेलं असतं, तिथे त्याने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आडवी लावली होती. नाव पूर्ण झाकलेलं.

"चिंधा, परवा मी जे बोललो..." सरांनी सुरुवात केली. माफी मागायची सवय नसल्यामुळे वाक्य पुढे जाईना.

"नही सर. तुमनं कामच शे हसाडानं." पोरगा अदबीने बोलत होता. "नवलभाऊनी सांगं माले, तुम्हीसनी म्हनेल शे ना, हाऊ खेळ नही, तमाशा शे. तुमना साठे व्हई. मी तर खेळालेच येल शे."

सरांनी पायाशी आलेला बॉल उचलून त्याच्या हातात दिला.

"एक इनंती शे सर. आज माईकवर माले चेतन म्हना. नवलभाऊले सांगी दिधं शे. यादीमा बी बदली टाकेल शे."

सर बरं म्हणाले. सत्तावीस वर्षांपूर्वी राजपत्राचा अर्ज भरतानाचा आपला हात त्यांना आठवला, आणि ते मांडवाकडे वळले.

मांडवाशी एक बाई उभी होती. नऊवारी, पायात नवीन चप्पल, हातात कापडी पिशवी. ती हात जोडून म्हणाली, "तुम्हीच ना माईकमा बोलनारा सर? मी चिंधानी माय. पहिलींदाव उनू त्याना खेळ देखाले." तिच्याकडे मोबाइल नसावा. असता तर ती हात जोडून उभी राहिली नसती. "आमना पाडावर माईक लगनमाच लागस. मना पोऱ्यानं नाव एकदाव माईकमा जोरमा ल्या, सर. तीन गयात मना. याले शेजारनीना पदरमा घालं आनि चिंधी दिसन परत लिधा. तव्हय जगना."

सरांनी मान डोलावली. कशाला होकार दिला, हे त्यांना तेव्हा ठरवता आलं नव्हतं.

सामना सुरू झाला. साक्रीने आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. नशिराबादचे फलंदाज पाठलागाला उतरले तरी सरांना विनोद सुचेना. नवलने दोनदा येऊन कानात सांगितलं, "सर, जरा हसाडा ना, पब्लिक थंडी पडी राह्यनी." सर धावा सांगत राहिले. आणि मग शेवटची ओव्हर आली. नशिराबादला सहा बॉलमध्ये आठ धावा हव्या होत्या. बाकीच्या बॉलरांची षटकं संपली होती, म्हणून कॅप्टनने नाइलाजाने बॉल चिंधाच्या हातात दिला.

सरांच्या हातात माईक होता. समोर बायकांच्या रांगेत ती माय पदर सावरून पुढे सरकून बसली होती. नाव घ्यावं, तर सगळं मैदान पुन्हा 'चिंध्या' ओरडणार. न घ्यावं, तर ती. आणखी एक वाट होती. माईकवरच सांगायचं, की बाबांनो, मी परवा चुकलो, हे नाव हसायचं नाही, माझंही नाव असंच आहे. ते वाक्य सरांच्या घशापर्यंत आलं. मग त्यांना शाळेतली पोरं आठवली, स्टाफरूम आठवली.

"बॉलिंगले येल शे... चेतन," ते म्हणाले.

पोऱ्याने सांगितलं होतं, म्हणून. असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यात पोऱ्याची विनंती किती आणि आपला भित्रेपणा किती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या बॉलवर एक धाव निघाली. दुसरा बॉल चिंधाने त्याच वेगाच्या हाताने टाकला, पण तो बोटांतून असा हळू निसटला की फलंदाजाची बॅट आधीच फिरून गेली. सर नकळत खुर्चीवरून उठले. तो बॉल कुणी शिकवून येत नसतो, शेकडो वेळा एकट्याने स्टंपवर टाकून येतो. तिसऱ्यावर चौकार गेला. चिंधाने मान खाली घातली नाही. त्याने मिडविकेटला चार पावलं मागे सरकवलं, तसाच हळू बॉल टाकला, आणि झेल बरोबर त्याच माणसाच्या हातात गेला. पाचव्यावर एक धाव. शेवटच्या बॉलवर दोन हव्या होत्या. डीजे बंद होता आणि मैदानात कुणी हसत नव्हतं. चिंधा धावत आला आणि त्याने यॉर्कर टाकला. मधला स्टंप उडाला.

साक्री एका धावेने जिंकली. लोक खुर्च्यांवर चढून ओरडत होते, "चेतन! चेतन!" सरांनी माईक टेबलावर ठेवला. सत्तावीस वर्षं पोरांना जो खेळ शिकवला, तो त्यांनी आत्ता समोर पाहिला होता. त्याचा तमाशा कुणी केला होता, याचं उत्तर शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.

गर्दीतून वाट काढत माय मांडवाशी आली. चेहरा हसरा होता, पण गोंधळलेला.

"सर, बॉल तर मना पोऱ्यानी टाका. नाव मातर दुसरानं लिधं तुम्हीसनी. चुकी व्हयनी का?"

सर काही बोलायच्या आत चिंधा धावत आला. "माय, चाल. बक्षीस देनार शेतस, तठे चाल." तो तिला घेऊन वळला आणि त्याची पाठ तिच्यासमोर आली.

"आरे, हाई काय?" ती जागीच थांबली. "लागनं का तुले? पट्टी कसानी?"

"काही नही व माय."

"काही नही कसं? डाक्टरनी पट्टी शे ना!" तिने त्याचा दंड धरून ठेवला आणि पट्टीचं टोक नखाने उचललं. दुखेल म्हणून फुंकर घालत घालत, हळूहळू ती सगळी पट्टी तिने सोडवली. खाली जखम नव्हती. छापलेली अक्षरं होती. तिने त्यांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिखेल शे, सर?"

तीन तालुक्यांत पोचलेला आवाज टेबलाच्या पलीकडेही नीट गेला नाही. "चिंधा."

"हाई तर त्यानंच नाव शे. मंग झाकं काब?"

चिंधा सरांकडे पाहत होता. रागाने नाही. उत्तर सरांनी द्यायचं आहे, एवढंच त्या नजरेत होतं.

"मी हसनू, माय," सर म्हणाले. "माईकवर. बठ्ठा लोकेस्ना समोर त्याना नावले हसनू. म्हनीसन झाकं त्यानी."

चुरगळलेली पट्टी अजून मायच्या हातात होती.

"तुमनं नाव काय शे?"

सत्तावीस वर्षांच्या सवयीने ओठ अभिमन म्हणायला उघडले. सरांनी ते मिटले आणि पुन्हा उघडले.

"उखर्डू."

चिंधाने चमकून मान वर केली. माय हसली नाही. हे नाव का ठेवलं, हे तिला विचारावं लागलं नाही. ती 'तुम्ही'वरून सरळ 'तू'वर आली.

"कोनी उचलं व्हतं तुले?"

"अक्कानी. मनी मोठी बहीन."

तिने पट्टीची घडी केली आणि पिशवीत ठेवली. पोराचा हात धरला. जायला वळली, मग पुन्हा थांबली.

"मंग तुले तर मालूम व्हतं," ती म्हणाली.