देवमाशाच्या मणक्यावरची जागा

देवमाशाचा मणका रेवदंड्याच्या म्युझियममध्ये गेला तो आमच्या घरधन्याच्या अकलेनं. भाऊसाहेब म्हणून एक पेन्शनीत निघालेले मास्तर. त्यांनी समुद्राकाठच्या आपल्या बंगल्याच्या ओटीवर जुन्या वस्तू मांडल्या होत्या. दगड झालेले शिंपले, फिरंग्यांचा तोफगोळा, फुटके रांजण, असलंच सगळं, तेच म्युझियम. "हिरामण, मणका दे, तुझ्या नावाची पाटी लावतो," एवढं ते आमच्या ह्यांना म्हणाले आणि आमचं येडं मणका खांद्यावर टाकून निघालं.

आता तो मणका म्हणजे माझ्या सासऱ्यांची बसायची जागा. काशीदच्या वाळूत त्यांना सापडला होता. त्याच्यावर बसूनच जेवायचे. पुढे वादळात त्यांचा मचवा गेला, तेव्हा आमचे हे पाळण्यात होते. प्रेत काही मिळालं नाही. "मेलं कोन बोल्ला?" सासू म्हणाली. "दर्यावर हायत." झालं! कपाळावर कुंकू तसंच. मणक्यावर कुणी बसायचं नाही आणि रोज दुपारी त्याच्यापुढे भरलं ताट ठेवायचं. मी लग्न होऊन आले आणि ते ताट माझ्या गळ्यात पडलं. नंतर ते मांजराला घालायचं, कावळ्याला नाही, कारण कावळ्याचा घास मेलेल्यांचा. मांजर नुसतं माजलं होतं.

मणका गेल्याचं कळलं तरी सासू भांडली नाही. घरातून दिलेलं परत मागायचं नाही, ही तिची रीत. मला म्हणाली, "ताट जागेवर ठेवीत जा. मी तिकडं बघतंय."

तिकडं म्हणजे म्युझियममध्ये. रोज सकाळी जाऊन मणक्याशेजारी उभी. बघायला आलेलं कुणी दमून टेकायला लागलं की ओरडायची, "उठ रं! बसायची जागा हाय का ही?" भाऊसाहेब खूश. "वस्तूंची कदर असावी तर अशी, चंद्राबाई!" म्हणाले आणि तिला पितळेचा बिल्ला दिला. स्टूलही दिलं. ती काही बसली नाही.

दिवाळीनंतर मामलेदार आले. मीही बघायला गेले. भाऊसाहेब एकेका शिंपल्याची कुळकथा सांगायला लागले, ते काही थांबेनात. मामलेदार अंगानं भारी. घामाघूम होऊन ते मणक्यावर टेकणार, तोच सासूनं त्यांचा कोट धरला.

"न्हाय सायेब. मालकांची जागा हाय."

"कुठं आहेत मालक?"

"दर्यावर."

"बरं. कधी येणार?"

बिचाऱ्यानं आपलं सरळ विचारलं. आख्ख्या कोळीवाड्यात हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. सासू समोरच्या पाण्याकडे बघत राहिली. भाऊसाहेब उगाच तोफगोळा पुसायला लागले.

"आता न्हाय येत," ती म्हणाली आणि मणक्यावर बसली. मामलेदारांना स्टूल मिळालं.

दुपारी घरी आलो. मी सवयीनं ताट वाढलं, भात आणि बांगड्याचं कालवण. मांजर शेपटी उभारून हजर.

"सोनू," सासू म्हणाली, "आज मांजराला नको. कावल्याला ठेव."

मला रडू आवरेना. तसंच ताट परसात नेऊन ठेवलं. हात काढायच्या आत कावळा आला.

मेल्या, जरा थांबायचंस तरी!