सदऱ्यातलं पुडिंग

गुरांच्या चरबीचे तुकडे, सुपारीएवढे, एकेक करून पारदर्शक कागदात गुंडाळलेले. सुपरमार्केटात मांसाच्या काउंटरपाशी टोपलीत ठेवलेले असतात. तव्याला चोळायला कुणाला लागला तर एखादा उचलावा.

पांढरा सदरा. गळ्यामागे लाल दोऱ्याने भरलेलं अक्षर: श्या.

"माणशी दोनच घ्यावेत." पाटी जपानीत होती, सहा वर्षांच्या अद्वैतने वाचून दाखवली. काल ती नव्हती.

आठ वर्षांत एकही घास नाही.

हे सगळं टोकियोजवळच्या उरायासुतल्या एकाच घराचं, २००६ च्या नोव्हेंबरातलं. पाटी लागली ती लीलावतीबाईंमुळे. मंजुषाच्या या सासूबाई, अद्वैतची आजी, नगरहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या, आणि इथे चरबी फुकट मिळते हे कळल्यापासून रोज पिशवी घेऊन त्या टोपलीशी जात होत्या. नाताळचं पुडिंग महिनाभर आधी करून मुरत ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. मिशनच्या मडमेकडून त्यांच्या आईने घेतलेली, आईकडून त्यांनी. चरबीशिवाय ते मुरत नाही म्हणे.

मंजुषा चिंचवडची. तिच्या माहेरी अंडंसुद्धा गच्चीत, वेगळ्या स्टोव्हवर उकडत. आठ वर्षांपूर्वी तिने मोहनशी लग्न केलं, चर्चला गेली, नाताळच्या करंज्या तळल्या, पण पुडिंगला तोंड लावलं नाही. सासऱ्यांनी, श्यामरावांनी, पहिल्या वर्षी एकदाच विचारलं होतं, मग "बरं झालं, मला जास्त" म्हणत तिची वाटणी स्वतःच्या ताटात ओढली होती. श्यामराव या जुलैत गेले.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर परात. घरातल्या प्रत्येकाने त्यात हात घालायचा आणि मनात काहीतरी मागायचं. अद्वैतने एक बोट घातलं आणि पळाला.

"चमचा नको ग. हाताने," लीलावतीबाई म्हणाल्या.

मंजुषाने हात घातला. पावाचा चुरा, मनुका, गूळ, रम, आणि त्यातून निसटणारे चरबीचे गार बुळबुळीत तुकडे. बोटांच्या उबेने ते विरघळायला लागले, अंगठीखाली गेले, नखांत शिरले. कुणाच्या तरी तोंडात हात घातल्यासारखं झालं.

"यंदा मनुका जास्त घातल्यात. तुला आवडतात म्हणून."

"मला?"

"खाणार आहेस ना? मोहन म्हणाला. यांच्यामागचा पहिला नाताळ, मंजुषा यंदा खाणार आहे, तू ये. म्हणून तर आले, नाहीतर एकटीपुरतं काय करायचं होतं?"

मोहन दारात उभा राहून मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. त्याने मान वर केली. "अगं, एक घास फक्त. औषध समजून."

"हे कधी सांगितलंस आईंना?"

"ऑगस्टमध्ये असेल. फोनवर रडत होती ती."

"मग तू स्वतः खाशील, असं सांगायचंस."

"मी तर खातोच."

मंजुषाने परातीतून हात काढला. चरबीची वाटली नव्हती इतकी किळस तिला त्याची वाटली. या माणसाने तिचं तोंड परस्पर देऊन टाकलं होतं, ऑफिसात नसलेल्या माणसाच्या नावावर काम ढकलतात तसं. आणि वर हसत होता.

"आई, मी खाणार नाही," ती म्हणाली. "मला कुणी विचारलेलंच नाही."

लीलावतीबाईंनी मुलाकडे पाहिलं. "हिला विचारलं नव्हतंस?"

"विचारणार होतो."

"आठ तास उकळायचंय. शेगडीशी तू उभा राहा. पाणी आटलं की उकळतं पाणी घालायचं, गार नाही."

"आई, माझा कॉल आहे."

"उभ्याने बोल."

पुडिंग बांधायचं कापड आदल्या दिवशीच कापून झालं होतं. नवं चालत नाही; घरात वापरून मऊ झालेलं पांढरंच लागतं. मंजुषाने सासूबाईंना कात्री चालवताना पाहिलं होतं. "यांचाच आहे. सोड्यात उकळलाय, तोंड वाकडं करू नकोस." काखेतला पिवळेपणा मात्र गेलेला नव्हता. श्यामराव मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथल्या धुण्यात कपडे मिसळायचे, म्हणून प्रत्येक सदऱ्यावर लाल अक्षर. कापड कापलं तेव्हा मोहन घरात नव्हता.

पहिला तास. वास नाही.

तिसरा तास. वास आहे. ओल्या लोकरीचा, रमचा, खाटकाच्या दुकानातल्या फरशीचा. अद्वैत नाक दाबून "याद्दा" म्हणाला. त्याला नको असलं की तो जपानीतच बोलायचा.

चौथा तास. शेजारच्या बाईंनी खिडकी सरकवून बंद केली. अजिबात आवाज न करता.

पाचवा तास. मोहनने पाणी घालायला झाकण काढलं. भोवती चरबीची वर्तुळं तरंगत होती. कापड तटतटून फुगलं होतं, पोटासारखं. उकळीने तो गोळा सावकाश कुशीवर वळला आणि लाल अक्षर वर आलं.

"आई, हे कापड कुठलं?"

"यांचा सदरा."

तो सिंकपर्यंत जेमतेम पोचला. मंजुषा मागे किटली घेऊन उभी होती. पाणी आटत होतं म्हणून तिने घातलं. आत कुठेतरी तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली, आणि ती वासापेक्षा जास्त दिवस टिकली.

"ओकायला काय झालं?" लीलावतीबाई म्हणाल्या. "बापाचाच घाम आहे."

पंचवीस डिसेंबर. सोमवार. जपानात कामाचा दिवस.

लीलावतीबाईंनी सकाळीच गाठ सोडली. काळपट, ओलसर गोळा. त्यावर शिवणीची रेघ उमटलेली. मंजुषाच्या बशीत त्यांनी करंजी ठेवली. "तू नको म्हणालीस, विषय संपला." टोमणा नव्हता. मंजुषा त्यांच्या शेजारी बसली.

"मला डब्यात दे," मोहन म्हणाला. "ऑफिसात खातो."

"डब्यातलं कुठे जातं ते मला माहीत आहे. इथे खा."

त्याने एका पायात बूट घातलेला होता. तसाच उभा राहून त्याने घास घेतला. गाल फुगला. जबडा हलला नाही. त्याने दोनदा मान हलवली, साहेबापुढे वाकावं तसा आईपुढे वाकला आणि दार ओढून घेतलं.

मंजुषा बाल्कनीत गेली. खाली सायकलींच्या रांगेपाशी तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि टिश्यूत थुंकला. इथल्या रस्त्यांवर कचऱ्याचे डबे नसतात. मुठीत ते घेऊन तो जरा वेळ नुसता उभा राहिला. मग दोनदा घडी घातली, ओव्हरकोटाच्या खिशात ठेवलं आणि स्टेशनकडे चालू लागला.

"आवडलं का ग त्याला?" आतून आवाज आला.

"ट्रेन चुकेल म्हणून पळाला, आई."

श्यामरावांची माती एकोणीस जुलैला नगरला झाली. त्या दिवशी मोहन इथेच, कावासाकी गावातल्या आपल्या ऑफिसात होता, संध्याकाळी सातपर्यंत.