तुंबड्यांचा दिवस

नेजलाने तिजानीकाकांच्या पोटावर तळवा ठेवून हळूच दाबलं. पोट मळलेल्या कणकेसारखं मऊ होतं, आणि काका इस्पितळातल्या खाटेची कड धरून ओठ चावत होते.

"काल लग्नात कुसकुसवर ताव मारला," त्यांची बायको मनूबिया म्हणाली. "मी नको नको म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण? एक इंजेक्शन दे पोरी, आणि जाऊ दे आम्हाला घरी."

एवढ्या वेदनेचं पोट इतकं मऊ नसतं. तिने काकांचं मनगट धरलं. नाडी दोन ठोके धावायची, एक गाळायची, पुन्हा धावायची. हे बेताल हृदय तिच्या ओळखीचं होतं. रक्त पातळ करायची गोळी गेल्या वर्षी तिनेच सुरू केली होती.

"काका, गोळी कधी बंद केलीत?"

"आठवडा झाला."

"का?"

"परवा चंद्राची सतरा, तुंबड्या लावायचा शुभ दिवस. मलाही तुंबड्या लावून घ्यायच्यात. गोळी चालू असली की रक्त थांबत नाही." काकांनी श्वास घेतला. "लोकांना सांगतो ते मी आधी स्वतः करतो."

अर्धं अल-काफ गाव त्यांच्याकडून तुंबड्या लावून घेई, आणि नेजला सात वर्षं त्यावरून त्यांच्याशी भांडत आली होती. आज तिला राग आला नाही, भीती वाटली.

स्कॅनमध्ये दिसलं ते तिला आधीच कळलं होतं. आतड्याला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी गुठळीने बुजली होती. आतड्याचा एक भाग मेलाच होता. उरलेलं वाचवायला फार तर दोन तास होते.

"म्हणजे कुसकुस नव्हे?" मनूबियाने विचारलं.

"नाही, काकू. ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल."

मनूबिया पिशवी पोटाशी धरून बाकावर बसली.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी काकांनी नेजलाची बाही पकडली.

"कागद घे. परवा माझ्याकडे पाच जण यायचेत, ही गोळी घेणारे. सगळ्यांना मीच बंद करायला लावली. आजच कळव त्यांना. माझं नाव घेऊन सांग, नाहीतर ऐकायचे नाहीत."

तिने चार नावं लिहिली.

"पाचवं?"

काकांनी तिची बाही सोडली.

"तुला कळू देणार नाही, असा शब्द दिला होता मी तिला."

दार मिटलं. नेजलाने पाचवं नाव लिहिलं नाही. तिने घरी फोन लावला.

"जेवलीस का गं?" आईने विचारलं.

"आई, तू गोळी कधीपासून घेत नाहीयेस?"

"तिजानीने सांगितलं वाटतं," आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "बरा आहे ना गं तो?"

नेजलाने मिटलेल्या दाराकडे पाहिलं.

"आधी गोळी घे," ती म्हणाली. "मी फोन धरून थांबते."