कुंपणाबाहेरचा कालवा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या उजव्या भिंगाला चरा गेला आहे. आता मी कलकत्त्यातल्या बालीगंज भागात एका घराच्या कपाटात असते. वाईट वाटत नाही. खरे सांगायचे तर फारसे काहीच वाटत नाही.

मला कोणी घडवले ते आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात मी एका सैनिकाच्या गळ्यात होते. लढाई संपल्यावर लिलावात दिगंबर आठल्ये यांनी मला घेतले. ते केंद्र सरकारचे अधिकारी, बदलीवर कलकत्त्याला आलेले. शहराच्या दक्षिणेला पक्ष्यांसाठी राखलेले एक तळे होते. दर हिवाळ्यात त्याची पाहणी करून अहवाल लिहिणे हे त्यांचे काम.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या डिसेंबरात त्यांची मुलगी वृंदा माझ्यातून पाहून ओरडली, "बाबा, पाणी कुठाय? सगळी बदकंच आहेत!"

"दुर्बीण चांगली मिळाली हो," दिगंबरराव म्हणाले आणि रुमालाने मला पुसले. असे ते तेव्हा रोज पुसत.

पुढच्या वर्षी कुंपणाबाहेर निर्वासितांची वस्ती उभी राहिली. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातल्या बारिसालहून आलेल्या कालिंदीने तिथल्या कालव्यात माती टाकून तिच्यावर झोपडी बांधली. शेजारी आणखी तीस झोपड्या झाल्या. त्याच कालव्याने तळ्याला पाणी मिळत असे. कुंपणाच्या आत कोणी पाऊल टाकले नाही, काडी तोडली नाही. तरी तळे उथळ झाले. कमळे गेली, जलपर्णी माजली. बदके निम्मी झाली.

तिसऱ्या हिवाळ्यात दिगंबरराव कालिंदीच्या दारात उभे राहिले.

"या भरावामुळे तळं मरतंय," ते मोडक्या बंगालीत म्हणाले.

तिने हात पुढे केला, मला डोळ्यांना लावले आणि बराच वेळ पाहत राहिली.

"ही बदकं आमच्या गावालाही यायची, बाबू. आम्ही गाव सोडलं तेव्हा पाण्यातच होती." तिने मला परत दिले. "मी कुठे जाऊ ते सांगा. आज झोपडी मोडते."

दिगंबरराव मला गळ्यात अडकवून परत फिरले.

झोपड्या हटवाव्यात, असा कागद त्यांनी घरी लिहिला आणि फाडला. मग दुसरा लिहिला : या कुटुंबांना आधी दुसरी जमीन द्यावी, मग कालवा मोकळा करावा. तो वरिष्ठांकडे गेला. आठ महिन्यांनी उत्तर आले. कुंपण शाबूत आहे, म्हणजे तळे सुरक्षित आहे. शिवाय नवी काटेरी तार मंजूर झाली होती.

तार आली, लागली. चौपन्नच्या हिवाळ्यात मी तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले.

"काय दिसतंय?" वृंदाने विचारले.

"तार," दिगंबरराव म्हणाले. वहीत त्यांनी बदकांपुढे शून्य लिहिले. घरी येऊन त्यांनी चहा घेतला, मला कपाटात ठेवले आणि दार लावले. मला त्यांनी पुसले नाही.

मित्रांनो, एखादी जागा राखायची असेल तर कुंपणापाशी थांबू नका. तिचे पाणी कुठून येते ते चालत जाऊन पाहा. त्या वाटेवर माणसे राहत असतील, तर त्यांची सोय आधी करा. आणि हे सारे वेळेवर करा. त्या तळ्यावरची बदके पुढे कुठे उतरली, ते मला कोणी दाखवले नाही.