काकूला न ओळखणारं यंत्र

बेबीचं वय चौतीस. नावामागे डॉक्टर लागून सहा वर्षं झालेली, मेंदू चेहरे कसे ओळखतो यावर पाच शोधनिबंध छापून आलेले. तरी घरात ती बेबीच. या सहा वर्षांत तिने तीन पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकऱ्या, केल्या होत्या. पोस्टडॉक म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. दोन वर्षं झाली की खोली सोडा, कुंड्या वाटून टाका, पुढच्या शहरात नवी गादी घ्या. आता मात्र एक कायमची जागा निघाली होती आणि उद्या सकाळी अकराला तिची मुलाखत होती. ही हुकली तर चौथी गादी घ्यायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

दाखवायला होतंही तिच्याकडे जबरदस्त. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, पडद्यावर एकेक चेहरा दाखवायचा आणि मेंदूच्या लहरींवरून यंत्राने सांगायचं, ओळखीचा की अनोळखी. शंभरात त्र्याण्णव उत्तरं बरोबर! यंत्राला शिकवलं होतं पिक्सेलने. हा तिचा लॅबमधला जोडीदार, कॉम्प्युटर व्हिजनवाला. कॉम्प्युटरला लाखो चेहरे ओळखायला शिकवणं त्याच्या डाव्या हातचा मळ. स्वतः मात्र घरमालकाला दोनदा पोस्टमन समजून बसलेला.

मुलाखतीत प्रयोग करून दाखवायचा होता, म्हणून आदल्या दुपारी रंगीत तालीम ठरली. पण डोकं कुणाचं घ्यायचं? आई दोन दिवसांसाठी आली होती आणि कुणी सांगितलं नसताना लॅबमधल्या सगळ्या टेबलांवरची धूळ पुसत होती. तिलाच खुर्चीत बसवलं.

"केसांना हे काय चोपडतेस गं?"

"जेल आहे. तारांना लहरी नीट मिळाव्यात म्हणून. धुतलं की जातं."

"तुझी वेणी घालायची म्हटलं तर घर डोक्यावर घ्यायचीस. आणि आता माझ्या डोक्याची ही दशा!"

चेहरे सुरू झाले. मामा आला, यंत्र म्हणालं ओळखीचा. कुणी परका आला, अनोळखी. शेजारीण, ओळखीची. एकही चूक नाही. पिक्सेल खूश होऊन खुर्चीत झुलायला लागला. तेवढ्यात काकूचा फोटो आला आणि यंत्र म्हणालं, अनोळखी. तीनदा दाखवला, तीनदा तेच.

"आई, ही काकू आहे ना?"

"मला कळतंय कोण आहे ती."

"मग यंत्राला का कळत नाही?"

"शहाणं आहे तुझं यंत्र." आईने नाक मुरडलं. "नऊ वर्षं अबोला आहे आमचा. ती समोर आली की मी चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलू देत नाही. सवयच लावून घेतलीये तशी."

पिक्सेल खो खो हसला. बेबी मात्र 'चेहऱ्यावरची रेघ' या शब्दांशी अडली. तिने मामाचा फोटो पुन्हा लावला आणि या वेळी पडद्याकडे न बघता आईकडे बघितलं. मामा दिसताच आईच्या दोन्ही भुवया टुणकन वर गेल्या. रस्त्यात कुणी भेटलं की आपल्या सगळ्यांच्याच जातात, तशा.

"आई, आता कुणीही येऊ दे, भुवया वर कर."

आईला खेळ आवडला. पुढचे दहा परके चेहरे यंत्राने झाडून सगळे ओळखीचे ठरवले. एका दाढीवाल्याला तर अगदी घरातला मानलं.

"हा कोण मेला?" आईने विचारलं.

"कुणीच नाही गं," बेबी म्हणाली आणि टोपीच्या पुढच्या तारा तपासायला लागली.

घोडं इथेच पेंड खात होतं. कपाळाच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी दांडगी. टोपीच्या पुढच्या तारांनी तीच उचलली होती. मान हलवू नका, डोळे मिचकावू नका, दात आवळू नका, अशी सूचना बेबीने प्रयोगातल्या छत्तीस जणांना स्वतः वाचून दाखवली होती. भुवयांचं नाव त्यात नव्हतं. दोन वर्षं ती ज्याला मेंदू म्हणत होती, ती भुवई निघाली.

कपाळाच्या तारा वगळून त्यांनी छत्तीसही जणांचं पुन्हा मोजलं. शंभरात चोपन्न. नाणं उडवलं तरी पन्नास येतात.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," पिक्सेल हळूच म्हणाला. "आधी नोकरी लागू दे. मग बघू."

बेबीने आईच्या डोक्यावरची टोपी उतरवली. मग ती तिला केस धुवायला घेऊन गेली.

"माझ्यामुळे बिघडलं का गं सगळं?" बेसिनवर वाकलेल्या आईने विचारलं.

"तुझ्यामुळे कळलं," बेबी म्हणाली आणि आईच्याच टॉवेलात तोंड खुपसून रडली.

मुलाखतीला पाच जण होते. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, मोठे नावाजलेले. आवडता माणूस दिसला की मेंदूत एक खास लहर उमटते, हे त्यांनी बारा वर्षांपूर्वी अशाच टोपीने शोधलं होतं आणि त्या लहरीला त्यांचं नाव मिळालं होतं.

बेबी उभी राहिली. "माझं यंत्र मेंदू वाचत नाही," ती म्हणाली. "भुवया वाचतं. हे मला काल दुपारी कळलं, माझ्या आईमुळे." मग तिने काकूपासून दाढीवाल्यापर्यंत सगळी हकीकत सांगितली, आईची नक्कल करून. बुडायचंच तर निदान हसवून बुडावं! चौघे डोळे पुसत हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"हे तुम्हाला दडवता आलं असतं," ते म्हणाले.

"आलं असतं. पण मग जन्मभर प्रत्येकाच्या कपाळाकडे चोरून बघत बसले असते."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "माझ्या त्या प्रयोगाची मूळ मापं अजून जपून ठेवलीत. कपाळाच्या तारांसकट." ते थांबले. "आवडता माणूस दिसला की लोकांचा चेहराही खुलतो. त्या खुलण्याची वीज आम्ही कधी वगळलीच नाही. मी पाठवली मापं, तर तपासाल?"

बेबीला त्यांची खरंच दया आली. पण जीभ कुठली गप्प बसायला!

"तपासेन की, सर. पण नेमणूक कायमची झाल्यावर. तात्पुरत्या माणसाने मोठ्यांच्या चुका काढू नयेत."

चौघांनी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी दोन्ही बाजूंना नजर टाकली. चारही माना डोलल्या.

"मग लवकर रुजू व्हा," ते म्हणाले. "मी तीन वर्षांनी निवृत्त होतोय. त्याआधी मला खरं काय ते कळायला हवं."

बेबीने आणखी काहीतरी वात्रट बोलायला तोंड उघडलं, पण या वेळी जीभ आवरली. तिने नुसतीच मान डोलावली.